एक वेढा कमी

हिंगोलीहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "तिकडे पाहण्यासारखं काय आहे हो?" आमच्या पुण्याच्या माणसाला पाहण्यासारखं म्हणजे किल्ला, धबधबा, नाहीतर थंड हवा लागते. मी दीड महिना निजामाच्या राज्यातल्या कापसाच्या रानांतून अफू पाहत हिंडले, असं सांगितलं की समोरचा माणूस कप खाली ठेवतो आणि विषय बदलतो. म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढते. ज्यांचे उपकार फेडायचे ती माणसं हे वाचणार नाहीत, पण माझ्या हातात एवढंच आहे.

आम्ही पाचसहा डॉक्टर आणि दोन नर्सबाई दर शनिवारी माझ्या दवाखान्यात जमतो. तान्ह्या मुलांना अफू चारण्याची चाल थांबावी आणि त्यासाठी सरकारने अफूची उघडी विक्री बंद करावी, हा आमचा ध्यास. निवेदनाचा मसुदा तयार होता. पण निजाम सरकारकडे पाठवायचं तर तिथल्या लोकांचे अंगठे त्यावर हवेत. आमच्यातल्या एकाचे वर्गबंधू डॉक्टर दिगंबरराव हिंगोलीला दवाखाना चालवतात. त्यांनी कळवलं, "बाईमाणूस पाठवा. इथल्या बायका मला बाळाची नाडी दाखवतात, पण गोळीची डबी दाखवत नाहीत." घरी जिच्यावाचून कोणाचं अडणार नाही अशी आमच्यात मी एकटीच होते. संक्रांत आटोपून निघाले. लढाई चालू असल्याने गाडीत शिपायांचीच गर्दी होती. त्या प्रवासाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

हिंगोली

दिगंबररावांच्या पत्नी सरस्वतीबाई यांच्याकडे मी उतरले. पहिल्याच जेवणात अंबाडीची भाजी, वर करडईच्या तेलाची लसणाची फोडणी, ज्वारीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरी आणि जवसाची चटणी. तीन भाकरी झाल्यावर मी ताटावर हात आडवा धरला, तर बाईंनी चौथी भाकरी हातावरच ठेवली. आमच्याकडे आग्रह करतात तो तोंडाने.

गावोगाव सभा घ्यायच्या आणि अंगठे जमवायचे, असा माझा बेत होता. दिगंबरराव हसले. "सभेला अमीनसाहेबांची परवानगी लागते. पुण्याहून बाई आली, सभा घेते म्हटल्यावर तुमची पहिली सभा ठाण्यातच होईल."

"मग काय करायचं?"

उत्तर सरस्वतीबाईंनी दिलं. "हळदीकुंकू करू. रथसप्तमीपर्यंत चालतं. हळदीकुंकवाला कोण परवाना मागतो?"

मला ही युक्ती इतकी आवडली की मी उठून त्यांच्या पाया पडायचंच बाकी राहिलं. शिरड शहापूर हे बाईंचं माहेर. सुरुवात तिथूनच करायची ठरली. वाण म्हणून लुटायला साबणाच्या वड्या घेतल्या.

औंढ्याच्या वाटेवर

शिरड शहापूरचाच सीताराम बैलगाडी घेऊन आला होता. तिशीचा, बोलका, बैलांशी आणि आमच्याशी एकाच सुरात बोलणारा. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मधूनच ज्वारीचं रान, तिथे हुरडा भाजण्याचा वास. सीतारामने एका ओळखीच्या शेतात गाडी थांबवली आणि गरम हुरडा, वर तिळाची चटणी अशी ओंजळ आमच्या पुढ्यात ओतली. मी खाता खाता बांधावर पाहत होते. एका बाभळीच्या ओळीला सात-आठ झोळ्या टांगलेल्या. सगळ्यांत लेकरं. बायका लांब कापूस वेचत होत्या. आणि एकही मूल रडत नव्हतं.

"किती गुणी मुलं ही!" मी म्हणाले. "आमच्या वाड्यात एक पोर रडायला लागलं की सगळी आळी जागी होते."

"माझी लेक पारू बी अशीच हाय," सीताराम कौतुकाने म्हणाला. "आठ म्हैन्याची झाली. दिवसभर आवाज न्हाई तिचा."

सरस्वतीबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. घास माझ्या तोंडातच राहिला. ज्याच्याविरुद्ध बोलायला मी दोनशे कोस आले होते ते माझ्या डोळ्यांसमोर झुलत होतं, आणि मी त्याचं कौतुक करत होते! उठून मी झोळ्यांपाशी गेले. एकेका पापणीला बोट लावून पाहिलं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ही अफूची खूण.

औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेतलं. देऊळ बाहेरून कितीही वेळ पाहावं असं. हत्ती, नर्तकी, देव सगळे दगडात गर्दी करून उभे आहेत. गाभारा मात्र खाली भुयारात. वाकून उतरायचं. मी वाकले ते पुरेसं नव्हतं. कपाळावर टेंगूळ घेऊन देवापुढे पोचले. पुजारीबुवा म्हणाले, "लागलं का? लागू द्या. या देवाची आण मोठी कडक आहे बाई. पंचक्रोशीत कोणी मोडत नाही." ते वाक्य मी टेंगळासकट बरोबर घेऊन निघाले.

शिरड शहापूर

मारुतीच्या पारासमोर दुपारी हळदीकुंकू झालं. सरस्वतीबाईंनी कुंकू लावलं, तिळगूळ दिला, मी साबण दिला आणि मग तोंड उघडलं. अफूने मूल कसं वाळतं, भूक कशी मरते, एखादी गोळी जास्त झाली तर झोपेतच कसं जातं, सगळं सांगितलं. माझ्या बोलण्यात दम होता, हे आता सांगायला लाज वाटत नाही. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी म्हणाले, "मी तुम्हाला वाण दिलं, आता तुम्ही मला द्या. घरातली अफूची डबी आणून द्या. आणि आजपासून लेकराला अफू घालाल, तर तुम्हाला नागनाथाची आण आहे!"

चौदा डब्या आल्या. सर्वांत आधी सीतारामच्या बायकोची, गयाबाईची. कडेवर पारू पेंगत होती. चौदा अंगठेही उमटले.

भिंतीला टेकून एक म्हातारी उभी होती. पांढरं कपाळ, हातात काही नाही. ती ठकूमाय, गावची सुईण. विधवा म्हणून कुंकवाच्या मेळ्यात पुढे आली नव्हती, आणि मीही तिला बोलावलं नव्हतं. चाल तशी आहे, एवढं म्हणून माझी नजर पुढे सरकली होती. शेवटी मी कागद घेऊन तिच्यापाशी गेले तेव्हा तिने हात पदराखाली घेतले.

"सोडवा बाई, सोडवायलाच पायजे. पण एकदम?"

"विष काय थोडं थोडं काढतात का?" मी म्हणाले. आणि डब्यांनी जड झालेली बॅग उचलली. एवढी अफू जवळ बाळगायला परवाना लागतो; आबकारीच्या शिपायाने वाटेत ती उघडली असती, तर निवेदनाऐवजी माझाच खटला हैदराबादेत गेला असता!

कळमनुरी

सरस्वतीबाई माहेरीच राहिल्या. मला सीतारामने कळमनुरीला नेलं, कारण सरकारदरबारी अर्ज उर्दूत हवा आणि तिथले मुन्शीजी अर्ज लिहिण्यात नामांकित. दोन दिवसांची वाट. आठवडी बाजार भरला होता. हळदीची पोती, मिरच्यांचे लाल ढीग, आणि एका निंबाखाली पेटी मांडून बसलेले पांढऱ्या दाढीचे मुन्शीजी. त्यांनी आधी मला बसायला स्वतःची सतरंजी दिली, मग चहा मागवला, मग चष्मा लावला.

"अफू की बिक्री बंद. कब से, बाई?"

"आजपासून. ताबडतोब."

"फौरन लिखूँ?"

"फौरन!"

"हौ, लिखता." त्यांनी तो शब्द इतक्या झोकात लिहिला की उर्दू न येणाऱ्या मलाही तो कोणता ते कळलं.

परतीच्या वाटेवर मी अगदी खुशीत होते. सीताराम बैलांना सांगत होता की पारू आता डाक्टरीणबाईंसारखी शिकणार. सूर्य माथ्यावर येण्याआधी आम्ही शिरड शहापूरला पोचलो. त्याच्या घराबाहेर बायका उभ्या होत्या.

पुन्हा शिरड शहापूर

पारू गयाबाईच्या मांडीवर होती. चार दिवसांत मूल अर्धं झालं होतं. हगवण लागली होती, पोटात घेतलेलं ठरत नव्हतं, पाय पोटाशी ओढून बारीक किंकाळ्या मारत होती आणि मधूनच तेवढंही त्राण राहत नव्हतं. गयाबाई चार दिवस झोपलेली नव्हती.

मी हगवणीचं औषध दिलं, उलटलं. उकळलेलं पाणी चमच्याने घातलं, उलटलं. दूषित पाणी असेल, थंडी बाधली असेल, कारण मूल सारखं शिंकत होतं. मी पुन्हा पुन्हा छाती तपासत होते. छातीत काही नव्हतं. पारूची नाडी माझ्या बोटाखाली दोऱ्यासारखी लागत होती आणि मला दिसत होतं की ही पोर संध्याकाळ पाहणार नाही.

शेजारच्या गावचं बाळंतपण उरकून नुकतीच परतलेली ठकूमाय उंबऱ्यापाशी येऊन बसली होती. तिने विचारलं, "शिंका किती वेळ येऊन राहिल्या, गया?"

"परवापासनं, माय. थांबतच न्हाईत."

"अन् जांभया?"

"त्याबी."

ठकूमायने माझ्याकडे पाहिलं. "ही हगवण न्हाई, बाई. लेकराला गोळीची ओढ लागली. रोजचं एकदम तोडलं. याला दवा एकच हाय, अन् ती तुमच्या थैलीत हाय."

मोठ्या माणसाची अफू तुटली की काय होतं ते मी पुस्तकात वाचलं होतं. तान्ह्या मुलाबद्दल एक ओळही वाचली नव्हती, आणि स्वतःहून विचार केला नव्हता.  मी बॅग उघडली, डबी काढली.

गयाबाईने पोर पदराखाली घेतली. "न्हाई! नागनाथाची आण हाय. आण मोडली तर पोरगी जाईल माझी."

"अगं, मीच सांगते आहे ना!"

"तुमी डाक्टरीण हाव बाई, देव न्हाई."

सीताराम हात जोडून तिला विनवत होता, सरस्वतीबाई समजावत होत्या. ती ऐकेना. तिचं काय चुकलं? मीच तिला देवाच्या धाकाने बांधून ठेवलं होतं आणि बॅग उचलून चालती झाले होते.

"आण बाईनं घातली," ठकूमाय शांतपणे म्हणाली. "बाईच सोडवंल. जिथं घातली तिथं, ज्यांच्यापुढं घातली त्यांच्यापुढं. मग मोडत न्हाई, सुटती."

लहानपणी आम्ही मुली एकमेकींना गळ्याची शपथ घालायचो आणि भांडण मिटलं की "सुटली म्हण, सुटली म्हण" करत मागे लागायचो. तो खेळ मी विसरून गेले होते. रानातल्या बायकांना निरोप गेला. हातातला कापूस टाकून चौदाच्या चौदा पारासमोर आल्या. गयाबाई पोर घेऊन पुढे. मी ठकूमायचा हात धरून तिला मधोमध आणलं. ती मागे राहायला पाहत होती, मी हात सोडला नाही.

"बायांनो," मी म्हणाले, "मी चुकले. तुमच्याकडून जे मागितलं ते एका दिवसात मागायचं नव्हतं. ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना विचारलं नाही. नागनाथाची आण मीच घातली, मीच सोडवते. सुटली. सुटली. सुटली."

एवढ्या लोकांपुढे आपली चूक कबूल करण्याचा मला सराव नाही. आमच्या शनिवारच्या बैठकीत तर कोणालाच नाही.  मला वाटलं, आता या बायका साबणाच्या वड्या परत आणून टाकतील. तर मागून एक बाई म्हणाली, "बरं झालं बाई. म्या तर दुसऱ्याच दिशी शेजारच्या गावातनं आणली अन् तवापासनं देवाला भिऊन राहिले!" दोघीतिघी हसल्या. बाकीच्यांनी आपापल्या लेकरांच्या शिंका सांगायला सुरुवात केली.

ठकूमायने सहाण मागवली. माझ्याकडून डबी घेतली, सहाणेवर गयाबाईच्या दुधाचे दोन थेंब टाकले आणि गोळी अंगठ्याखाली धरून गोल फिरवली. या भागात बाळाचं औषध वेढ्यांनी मोजतात. सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा.

"गया, रोजचे किती?"

"चार, माय."

"मग तीन." तिने तीन वेढे घेतले आणि हात उचलला. बोटाने पारूच्या जिभेला चाटण लावलं. मी नाडीवर बोट ठेवून बसले. घड्याळाकडे पाहायचा धीर होत नव्हता. हळूहळू पोटाशी ओढलेले पाय सैल झाले. किंकाळी थांबली. मग पाणी ठरलं. मग ती आईला लागली, आणि गयाबाई मान खाली घालून रडायला लागली. सीताराम पाराच्या कडेला बैलांच्या गळ्यात हात टाकून उभा होता. मी नागनाथाला तिथूनच हात जोडले. टेंगूळ अजून होतं.

"आता आठ दिवस तीन," ठकूमाय सांगत होती. "म्होरल्या आठवड्याला दोन. मग एक. मग नुसतं जायफळ. लेकरू पायावर उभं राहिलं की आमी सोडवतोच, पण असंच, एक एक वेढा कमी करून. माझ्या सासूनं शिकवलं."

"माय, मी तुम्हाला वेड्यासारखं उत्तर दिलं त्या दिवशी. माफ करा."

"तुमचा काय कसूर? तुमाला कोन सांगनार? कुंकवाला मी बसत न्हाई, अन् कुंकवाबिगर तुमी बोलत न्हाई." ती हसली, दात नसलेलं मोकळं हसू. "पण बाई, येक सांगा. गोळी सोडवली तर लेकराला रानात कोन बघंल? बाया काहून देतात, ते इचारलं का कुनी?"

नव्हतं विचारलं. त्याच दुपारी पारावर बसून आम्ही ते विचारलं. तीन म्हाताऱ्या पुढे आल्या, तिघी विधवा. वेचणी चालू असेपर्यंत धर्मशाळेच्या ओसरीवर लेकरं सांभाळायची, आणि प्रत्येक आईने दुपारी एकदा येऊन पाजून जायचं, असं ठरलं. चौदा डब्या मी ठकूमायच्या ताब्यात दिल्या. माझ्या बॅगेपेक्षा तिथे त्या सुरक्षित होत्या.

कळमनुरी, दुसऱ्यांदा

मी जवळजवळ महिनाभर जादा राहिले. गोरेगावला गेले, आणखी तीन गावांना गेले. जिथे जाईन तिथे आधी सुईणीला विचारलं आणि मग बाकीच्यांना. आण कोणालाच घातली नाही. मधूनच मुन्शीजींकडे परत गेले.

"फौरन काट दूँ?" त्यांनी विचारलं.

"काट दो."

त्यांनी तो झोकदार शब्द जरा दुःखाने खोडला. नव्या अर्जात लिहवलं की दुकानातली उघडी विक्री बंद व्हावी. ज्यांना सवय आहे त्यांना, म्हाताऱ्यांना आणि लेकरांनाही, सरकारी दवाखान्यातून घटत्या मापाने अफू मिळावी. गावच्या सुईणींना या कामात सरकारने हाताशी धरावं. आणि वेचणीच्या दिवसांत लेकरांसाठी गावोगाव ओसरी असावी. मुन्शीजींनी लिहिता लिहिता मान वर केली. "मेरी अम्मा बारा बरस से लेती, बाई. वो पहला कागज निकल जाता तो मर जाती. मैं लिखनेवाला, मैं क्या बोलता?" त्यांनी मेहनताना घेतला नाही. वर वाटेत खायला पेरू दिले.

निघताना

परतीची गाडी वसमतला पकडायची होती, म्हणून वाट शिरड शहापूरवरूनच होती. धर्मशाळेच्या ओसरीवर लेकरांचा नुसता कल्लोळ चालला होता. ठकूमाय मधोमध बसली होती आणि पारू तिच्या मांडीवर. सहाण जवळ होती. तिने माझ्यादेखत तीन वेढे मोजून जायफळ उगाळलं, आणि डबीला हात लावला नाही.

"परवापासनं बंद," ती म्हणाली. "शिंक न्हाई, काय न्हाई. पेज खाती."

मी कागद पुढे केला. या वेळी तिने हात पदराखाली घेतला नाही. शाईची पेटी वाटेत वाळून गेली होती. गयाबाईने दिव्याची काजळी आणून तेलात कालवली. ठकूमायने अंगठा टेकवला. कागदावर नुसता काळा गोळा उमटला, एकही रेघ नाही. दुसऱ्यांदा तेच. पन्नास वर्षं सहाणेवर घासून घासून अंगठा गुळगुळीत झाला होता.

"हा काई चालायचा न्हाई सरकारात," ती ओशाळून म्हणाली.

मी तो कागद सगळ्यांत वर ठेवला. आज दोन महिने झाले, निवेदनाला उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. आमच्या शनिवारच्या मंडळींत तो गोळा पाहून एक डॉक्टर म्हणाले, ही सही बाद होईल. मी म्हटलं, होऊ दे. पण माझं सगळं निवेदन या अंगठ्याखालून निघालं आहे.

गाडी जुंपली. गयाबाई पारूला कडेवर घेऊन वेशीपर्यंत आली. तिने माझ्या ओटीत तुरीच्या शेंगा घातल्या आणि तक्रारही केली. "बाई, आता दिसभर रडून राहिली ही. भूक लागली की रडती, खाली ठिवली की रडती. जीव खाल्ला माझा!" पारूने माझ्याकडे पाहिलं. काळ्याभोर, मोठ्या बाहुल्या. मी हात पुढे केला, तशी तिने तोंड वासून असा टाहो फोडला की बैलांनी कान टवकारले.

गाडी चालू लागली. ओढा उतरलो, पलीकडे चढलो, तरी आवाज येतच होता. सीतारामने कासरा धरून मागे वळून पाहिलं.

"लई रडतीया पोरगी," तो म्हणाला. "थांबवू का गाडी?"

"नको," मी म्हणाले. "रडू दे. आणि जरा हळू हाक, ऐकू येईल तोवर."